बीआरटीच्या लेनमध्ये गाडी घातली तर? पुणे-पिंपरीच्या बस लेनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या काढलेल्या रस्त्याचा, विषय काढला की पाच मिनिटांत भांडण लागतं, आणि गंमत म्हणजे भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना नेमका नियम काय आहे हेच माहीत नसतं. म्हणून सारखे सारखे येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत. मी रोज बसनं जाणारा माणूस आहे हे आधीच सांगतो, म्हणजे माझा कल कुठं आहे ते कळेल. घरी टू-व्हीलरही आहे, त्यामुळं पलीकडची बाजूही माहितीये.

बस लेन आणि बीआरटी, एकच ना?

नाही. बस लेन म्हणजे नेहमीच्याच रस्त्यावर बससाठी राखलेला एक पट्टा, कधी नुसता रंगवलेला, कधी मधे खांब ठोकलेले. बीआरटी म्हणजे त्याच्या पुढची पायरी, कठडे घालून वेगळी केलेली लेन, रस्त्याच्या मधोमध स्टेशन, स्टेशनच्या उंचीची बस, बससाठी वेगळा सिग्नल असं सगळं पॅकेज. पुण्यात हे डिसेंबर २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसरला सुरू झालं, देशातलं पहिलं म्हणून गाजावाजाही झाला. तेव्हा पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगवेगळ्या होत्या, दोन्ही मिळून पीएमपीएमएल (आपली पीएमपी) झाली ती २००७ ला. मग ऑगस्ट २०१५ ला संगमवाडी-विश्रांतवाडी रस्त्यावर 'रेनबो' नावानं नवी बीआरटी आली, पाठोपाठ सांगवी-किवळे, नाशिक फाटा-वाकड, पुढं नगर रोड, आणि ऑगस्ट २०१८ ला दापोडी-निगडी. लोक मात्र सरसकट सगळ्यालाच बीआरटी म्हणतात, मीही खाली तसंच लिहिणारे.

लेनमध्ये नक्की कोणाला जाता येतं?

पीएमपीच्या बसला, आणि इमर्जन्सीला निघालेल्या ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड वगैरेंना. बस्स. कार नाही, टू-व्हीलर नाही, रिक्षा नाही, कंपनीची बस नाही, शाळेची व्हॅन नाही, डिलिव्हरीवाला नाही. 'पण कंपनीची बसही बसच आहे ना' असं मला एकानं फार तावातावानं विचारलं होतं. बसच आहे, पण तिचं दार डावीकडं आणि स्टेशन उजवीकडं, ती आत जाऊन करणार काय? ती त्या लेनची गिऱ्हाईकच नाही. बोर्डावर एखाद्या वाहनाला वेगळी सूट लिहिली असेल तर ती चालते, लिहिली नसेल तर नाही.

हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? का महापालिकेनं आपलं ठरवलं?

महापालिका लेन बांधते, पण तिथं कोण येणार आणि कोण नाही हा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ मधून येतो. कलम ११५ खाली राज्य सरकार किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर ठराविक प्रकारच्या गाड्यांना बंदी घालू शकतो, कलम ११६ खाली त्याचे बोर्ड लागतात, आणि कलम ११९ म्हणतं की आदेशाचे बोर्ड, सिग्नल आणि ड्युटीवरच्या पोलिसाची सूचना ड्रायव्हरनं पाळायचीच. गोल, लाल कडेचा बोर्ड दिसला की तो सल्ला नसून आदेश असतो एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता एक गोष्ट लोकांच्या बाजूनं. ११६ खाली बोर्ड लावायचा तर तो दिसला पाहिजे. फ्लेक्सच्या मागं लपलेला, झाडाच्या फांदीत गेलेला, नाहीतर लेन संपून कठडा तुटलेला आणि कुठून सुरू होते तेच कळत नाही, अशा ठिकाणी चलन झालं तर भांडायला जागा आहे. फोटो काढून ठेवा.

लेन रिकामी पडलीय आणि शेजारी आम्ही पाऊण तास उभे. गेलो आतून तर कोणाचं काय बिघडतं?

हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे याच्या पोटातले.

लेन रिकामी दिसते कारण ती चालू असते. मिनिटाला एक बस जात असेल तरी मधली पन्नास-पंचावन्न सेकंद तुम्हाला मोकळा रस्ताच दिसणार. पण त्या मिनिटाच्या बसमध्ये पन्नास माणसं धरली तर तासाला तीन हजार होतात. शेजारच्या लेनमध्ये सिग्नलला थांबत थांबत तासाला हजार गाड्या गेल्या असं उदार मनानं धरा आणि प्रत्येकीत दीड माणूस बसवा, दीड हजार झाले. म्हणजे भरलेली दिसणारी लेन निम्मी माणसं नेते आणि रिकामी दिसणारी दुप्पट, आपले डोळे गाड्या मोजतात म्हणून उलटं वाटतं.

आणि बिघडतं ते असं. बीआरटीची लेन बहुतेक ठिकाणी एकाच बसच्या रुंदीची आहे, दोन्हीकडं कठडे. तुम्ही एकटे आत शिरलात, पुढच्या सिग्नलला थांबलात, मागं बस आली, तिला ओव्हरटेक करता येत नाही. तुमच्या मागोमाग 'तो गेला की' म्हणत अजून दहा शिरतात. सिग्नल सुटेपर्यंत बस स्टेशनच्या अलीकडंच अडकते, तिच्या मागची तिला येऊन चिकटते, आणि मग स्टॉपवर वीस मिनिटं काही नाही आणि एकदम तीन बस येतात. शिव्या पडतात पीएमपीला.

पण हिशोबाची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. वरचं गणित मिनिटाला एक बस असेल तरच बसतं. दहा-दहा मिनिटांनी एक बस सोडायची म्हणजे तासाला सहा, म्हणजे तीनशे माणसं, मग शेजारी अडकलेल्यानं चिडून विचारलं की एवढा रस्ता कशाला अडवलाय तर तो काही चूक बोलत नाही. लेन बांधायला पैसे मिळाले, बस घ्यायला आणि चालवायला मिळाले नाहीत, आपल्याकडं बीआरटीचं घोडं इथंच अडलंय असं माझं स्पष्ट मत आहे. तरी त्यावरचा उपाय बस वाढवणं हाच आहे, आत कार घालणं नाही.

दंड किती?

बोर्ड मोडून लेनमध्ये गेलात तर साधारण कलम ११९ मोडलं म्हणून १७७ खाली चलन होतं, पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे, महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. थांबवणाऱ्या पोलिसाचं ऐकलं नाही, सुसाट निघून गेलात, तर ते वेगळं, कलम १७९, तिथं २००० पर्यंत. आणि चलनासोबत हेल्मेट नाही, लायसन्स नाही, पीयूसी संपलंय हे सगळं जोडून येतं ते वेगळंच. पाचशेत भागलं म्हणणारे फार कमी भेटतात.

लेनमधून उलटं आलं तर? पुढच्या कटपर्यंतच जायचं असतं हो.

हे करू नका. म्हणजे बाकी सगळ्यात मी तुमच्याशी वाद घालायला तयार आहे, यात नाही. समोरून येणारी बस मोकळ्या लेनमध्ये वेगात असते, दोन्हीकडं कठडे, तुम्हाला बाजूला व्हायला जागा नाही आणि तिलाही नाही. कायद्यानंही हे नुसतं बोर्ड मोडणं राहत नाही, वाहतुकीच्या दिशेच्या उलट गाडी चालवणं हे कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून आता नाव घेऊन लिहिलंय. १००० ते ५००० दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही.

मागं ॲम्ब्युलन्स होती म्हणून आत घेतली. तरी चलन?

ॲम्ब्युलन्सला वाट द्यायचीच, न दिली तर कलम १९४ ई, १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण वाट द्यायची म्हणजे डावीकडं दबायचं, बस लेनमध्ये शिरून तिच्याच पुढं धावायचं नाही, कारण ॲम्ब्युलन्स स्वतः त्या लेनमधून जाऊ शकते आणि तुम्ही नेमकी तीच जागा अडवून बसलाय. खरंच दुसरा इलाजच नव्हता आणि दोन गाड्यांच्या अंतरात बाहेर आलात तर तसं लिहून तक्रार टाका. ॲम्ब्युलन्सच्या मागं चिकटून अख्खी लेन पार करणारे असतात, त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, तोंड खराब होतं.

पोलिसानंच आत जायला सांगितलं तर?

जा. पुढं ॲक्सिडेंट झालाय, पाणी साचलंय, पालखीसाठी रस्ता वळवलाय, अशा वेळी ड्युटीवरचा पोलीस हातानं जे सांगेल ते बोर्डापेक्षा आणि सिग्नलपेक्षा वरचं. वॉर्डननं सांगितलं तर मात्र जरा बघून, वॉर्डन मदतीला असतो, त्याच्याकडं पोलिसाचा अधिकार नसतो. आणि त्याच्याशी हुज्जत घालू नका, दिवसभर धूर खात उभा असतो बिचारा.

ई-चलन आलंय पण मी तिथं नव्हतोच. काय करायचं?

कॅमेऱ्यावरून चलन करायचे नियम केंद्रानं २०२१ ला केले, नियम १६७ ए. त्यात गुन्हा आणि नंबर प्लेट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा हे सगळं असायला लागतं. ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा वेबसाइटवर चलन उघडा, फोटो नीट मोठा करून बघा. नंबर एका अक्षरानं चुकलाय, गाडी दुसरीच आहे, लेन संपल्यानंतरचा फोटो आहे, असं काही असेल तर तिथंच तक्रारीची सोय आहे, ती वापरा. लोक अदालतीपर्यंत साठवून ठेवायची सवय असते आपल्याकडं, पण चुकीच्या चलनाला वाट बघत बसू नका, जितकं जुनं होईल तितकं सिद्ध करणं अवघड.

मला उजवीकडं वळायचंय आणि बस लेन मधोमध आहे. वळू कसा?

सिग्नलवरच. मधल्या कुठल्या तरी फटीतून नाही. मधोमध लेन असलेल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो, कारण उजवीकडं वळणारा माणूस बस लेन आडवी कापतो आणि त्याच्या डोक्यात ती 'रिकामी' असते. तुमचा सरळ जायचा सिग्नल हिरवा म्हणजे उजवीकडं वळायचाही हिरवा असं समजू नका, बाण असेल तर बाणाची वाट बघा. बसचा सिग्नल वेगळा असतो, त्याच्याकडं बघून निघू नका. यू-टर्नलाही हेच.

दापोडी-निगडीचं प्रकरण आणखी किचकट. तिथं मधे फास्ट रस्ता, कडेला सर्व्हिस रोड आणि दोघांच्या मधे बस लेन, त्यामुळं सर्व्हिस रोडवरून आत यायला किंवा आतून बाहेर पडायला बस लेन ओलांडायलाच लागते, मर्ज इन, मर्ज आउट. याच सुरक्षिततेवरून प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं होतं आणि लेन बांधून कित्येक वर्षं पडून राहिली. तिथला नियम सोपाय, लेन ओलांडताना आधी बस जाणार मग तुम्ही, आणि ओलांडायचं म्हणजे ओलांडायचंच, आत शिरून पुढच्या मर्ज आउटपर्यंत रमतगमत जायचं नाही.

बससाठी वेगळा सिग्नल कशाला? सगळ्यांना एकच पुरे की.

लेन दिली आणि सिग्नलला बस सगळ्यांबरोबर तेवढीच थांबली तर अर्धा फायदा तिथंच गेला. म्हणून जगभर दोन-तीन युक्त्या वापरतात. बस सिग्नलजवळ येताना कळली तर हिरवा पाच-दहा सेकंद लांबवायचा, किंवा लाल असेल तर लवकर संपवायचा, किंवा बसला बाकीच्यांच्या आधी काही सेकंद सोडायचं. कोणाचा हिरवा कायमचा चोरीला जात नाही, पुढच्या फेरीत भरून काढता येतो. आपल्याकडं वेगळा दिवा असतो, पण बस आलीय हे ओळखून बदलणारा सिग्नल ही गोष्ट फारशी दिसत नाही. माझ्या मते नवीन कठडे बांधण्यापेक्षा हे स्वस्तात पडेल, आणि रस्त्याची एक इंचही जागा लागत नाही त्याला.

बस स्टॉपसमोर दोन मिनिटं गाडी लावली तर?

नाही लावायची. बस स्टॉपजवळ पार्किंगला मनाई आहे, त्यासाठी तिथं वेगळा बोर्ड असायलाच पाहिजे असं नाही. स्टॉपसमोर रिक्षा उभी, तिच्या मागं वडापावची गाडी, मग बस थांबणार दुसऱ्या लेनमध्ये आणि आजीबाई रस्त्यात उतरून चढणार, आणि मागचे हॉर्न मारणार की बसवाल्यांना कुठंही थांबायची सवयच आहे.

स्टॉपवरून निघणाऱ्या बसला वाट द्यायची असते का?

जर्मनीत हा कायदाच आहे, बसनं इंडिकेटर देऊन निघायचं म्हटलं की मागच्यानं तिला निघू द्यायचं, गरज पडली तर थांबायचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही सुरक्षित असेल तेव्हा वाट द्या असं सांगितलंय. इथं पीएमपीचा ड्रायव्हर नाक पुढं घालून जागा मिळवतो आणि मग आपण त्याला उर्मट म्हणतो. एक बस, पन्नास माणसं, तुमचे चार सेकंद. सोडा की.

स्टेशन मधोमध, मग चालणाऱ्यानं काय करायचं?

झेब्रावरूनच, आणि दोन्हीकडं बघून. बस लेनमधली बस शेजारच्या ट्रॅफिकपेक्षा वेगात असते आणि आता इलेक्ट्रिक बसचा आवाजही येत नाही. उभ्या गाड्यांमधून वाट काढत आलेला माणूस 'सगळं थांबलंय' या समजुतीत लेनमध्ये पाय टाकतो, अपघात तिथं होतात. कठड्यावरून उडी मारू नका हे सांगायलाही लाज वाटते पण रोज बघतो.

मात्र सगळं खापर चालणाऱ्यावर फोडणंही बरोबर नाही. प्रत्येक प्रवाशाला दोनदा अर्धा रस्ता ओलांडायला लावायचं आणि झेब्रा पुसलेला, चालणाऱ्यांचा सिग्नल बंद, वर टू-व्हीलर झेब्रावरच उभ्या, असं असेल तर तो माणूस करणार काय?

बस ड्रायव्हरला काही नियम नाहीत का? ते लेन सोडून बाहेर चालवतात.

आहेत, आणि हा प्रश्न रास्त आहे. लेन असताना बस बाहेर चालवली तर लेन रिकामी आणि रस्ता दुप्पट जाम, वर मधल्या स्टेशनवर थांबलेले लोक हात हलवत राहतात. रेनबोच्या मधोमध असलेल्या स्टेशनला उजवीकडं दार असलेलीच बस लागते, साध्या बसला तिथं माणसं घेताच येत नाहीत, त्यामुळं काही बस बाहेरून जातात त्यामागं हेही कारण असतं. दिल्लीत १ एप्रिल २०२२ पासून बस आणि मालवाहू गाड्यांनी ठरलेल्या लेनमध्येच चालायचं अशी मोहीम काढली, लेन सोडणाऱ्या ड्रायव्हरला १०,००० पर्यंत दंड, आणि लेनमध्ये पार्क केलेल्या खासगी गाड्या क्रेननं उचलल्या. दोन्ही बाजूंना नियम लावला हे मला आवडलं.

लंडनमध्ये बस लेनमधून बाइक चालते असं भाऊ सांगतो. मग इथं का नाही?

भाऊ खरं सांगतो. लंडनच्या मुख्य रस्त्यांवरच्या बहुतेक बस लेनमध्ये मोटरसायकलला २०१२ पासून कायमची परवानगी आहे, सायकल आणि काळी टॅक्सीही चालते. पण तिथली बस लेन रस्त्याच्या कडेला, कठड्याशिवाय, आणि मोटरसायकली किती? आपल्याकडं निम्म्याहून जास्त ट्रॅफिक टू-व्हीलरचंच, परवानगी दिली की पंधरा मिनिटांत लेन संपली. आणि भावाला हेही विचारा की तिथं कारनं आत गेलं तर घरी येणारी नोटीस किती पौंडांची असते.

नगर रोडची बीआरटी काढली, म्हणजे आता सगळीकडं चालतं ना?

नाही. येरवड्यापासून विमाननगरपर्यंतची २०२३ ला उखडली, पण जिथं लेन आणि बोर्ड जागेवर आहेत तिथं नियमही जागेवर आहे. अर्धवट काढलेल्या ठिकाणी बोर्ड बघा, बोर्डही नाही आणि कठडाही नाही तर तो साधा रस्ता.

दिल्ली, भोपाळ, इंदूर सगळ्यांनी काढून टाकली. आयडियाच फेल आहे, मान्य करा.

काढल्या हे खरं. दिल्लीची आंबेडकर नगर-मूलचंद लेन जेमतेम पावणेसहा किलोमीटरची, २००८ ला सुरू झाली. ती सगळ्या गाड्यांना उघडा म्हणून याचिका झाली, ती दिल्ली हायकोर्टानं ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळली, आणि तरी पुढं सरकारनंच ती गुंडाळली. भोपाळनं २०२४ ला काढायला घेतली. इंदूरची साडेअकरा किलोमीटरची, तिथल्या आपल्या मराठी मंडळींच्या रोजच्या वापरातली, २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतली.

पण त्याच वेळी अहमदाबादची जनमार्ग २००९ पासून चालतीये, हुबळी-धारवाडची चिगरी ही बीआरटी बेळगावकडच्या लोकांनी बघितली असेल. बोगोटा २००० पासून, इस्तंबूल २००७ पासून. सोलमध्ये २००४ ला मधोमध बस लेन बनवल्या तेव्हा लेनबरोबर बसचे रूट, तिकीट, ठेके सगळंच एकदम बदललं. आपण नुसते कठडे बांधले आणि मग कठडे तोडले.

मेट्रो आली की, आता बस लेन कशाला?

मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत काय विमानानं जाणार? मेट्रो दोन-तीन रेषांवर जाते, बस गल्लीच्या तोंडापर्यंत येते. मेट्रोच्या खांबांनी आणि कामानं रस्ता अरुंद होतो तेव्हा पहिला बळी बस लेनचा जातो, बंगळुरूत सिल्क बोर्ड ते केआर पुरम हा बस लेनचा प्रयोग २०१९ ला झाला आणि पुढं मेट्रोच्या कामात ती लेन गेली.

तक्रार कुठं करू?

लेनमध्ये गाड्या घुसतात, पोलीस नाही: ट्रॅफिक पोलिसांकडं, पुणे आणि पिंपरी-चिंचवडची कमिशनरेट वेगळी आहेत हे बघून. कठडा तुटलाय, बोर्ड नाही, झेब्रा पुसलाय: महापालिकेच्या तक्रार सेवेकडं, पुण्यात पीएमसी केअर, पिंपरीत सारथी. बस तिची लेन सोडून चालते, स्टेशनला थांबत नाही: पीएमपीकडं, आणि तेव्हा बसचा नंबर, रूट, वेळ आणि जागा चारही लिहा, 'तुमचे ड्रायव्हर नेहमी असंच करतात' असं लिहिलं तर कोणी काही करू शकत नाही. फोटो काढायचा असेल तर गाडी बाजूला घेऊन काढा, नाहीतर मोबाइल वापरल्याचं चलन तुमच्याच नावावर.